एकच वर्ग, चार आकडे : कॉलेजांची विद्यार्थी-माहिती नीट कशी होईल?

आयर्विनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे, चहा घेऊन बसा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात भूगोल शिकवतो आणि वरकड कामांत 'आयशे'चा नोडल ऑफिसर आहे. आयशे म्हणजे केंद्र सरकारचं अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, २०१०-११ पासून चालू असलेलं. कॉलेज डीसीएफ-२ नावाचा फॉर्म भरतं, विद्यापीठ डीसीएफ-१ भरतं, आणि आमचा फॉर्म विद्यापीठाच्या नोडल ऑफिसरच्या नजरेखालून पुढे जातो. "देशात ४.३३ कोटी मुलं उच्च शिक्षणात, जीईआर २८.४" अशा बातम्या येतात त्या याच फॉर्मांच्या बेरजेवर. (जीईआर म्हणजे १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणातली मुलं शेकडा किती. हे आकडे २०२१-२२ चे. अहवाल यायला जानेवारी २०२४ उजाडलं.)

आता कुणी मला विचारलं, बीएस्सी भाग एकला मुलं किती, तर मी उलट विचारतो, कशासाठी हवीत? जुलैत प्रवेश घेतलेली मोजली तर वर्ग भरलेला. मग सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात, इंजिनिअरिंग-फार्मसीला नंबर लागला की पोरं दाखला काढून जातात. कुणी पोलीस भरतीच्या अकॅडमीत जातं आणि नाव आमच्याकडेच राहतं. एखादीचं लग्न ठरतं, घरचे कळवत नाहीत. त्यामुळे परीक्षा फॉर्मची यादी प्रवेशाच्या यादीपेक्षा बारकी, हजेरीची त्याहून बारकी आणि शिष्यवृत्तीची चौथीच. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. पण नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन) एक, एनआयआरएफला (केंद्राचं रँकिंग) दुसरा आणि आयशेला तिसरा गेला की नॅकचे पडताळणीवाले विचारतात, यातला तुमचा कुठला? शिवाय जो मुलगा आमच्याकडून फार्मसीला गेला तो दोन्हीकडे मोजला गेला, तर देशाच्या बेरजेत त्याची दोन माणसं झाली.

माझं मत असं की नवं पोर्टल काढण्याआधी विद्यापीठांनी दोन गोष्टी ठरवाव्यात. विद्यार्थी कुणाला म्हणायचं आणि कुठल्या तारखेला मोजायचं. त्या तारखेचा आकडा एकदा बांधला की वर्षभर जो मागेल त्याला तोच द्यायचा. तुमच्याकडे काय चालतं?

भडंग

आमच्याकडे जो साहेब मागेल त्याला जो आवडेल तो आकडा देतात. पुढचा प्रश्न घ्या.

कंदीपेढा

आयर्विनकर, चांगला धागा. साताऱ्यात प्राचार्य म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं जुनं सांगतो.

आमच्या वेळी जनरल रजिस्टर हेच प्रमाण होतं. त्यात खाडाखोड करायची तर प्राचार्यांची सही लागे. दाखला दिला की त्याच ओळीत लाल शाईने तारीख आणि दाखला क्रमांक. संगणक आल्यावर रजिस्टर उरलं ते नावाला. प्रत्येक विभागाने आपापली एक्सेल शीट केली. प्रवेश विभागाची वेगळी, परीक्षेची वेगळी, शिष्यवृत्तीची वेगळी. दाखला गेला हे प्रवेश विभागाला कळतं, परीक्षा विभागाला दिवाळीनंतर कळतं आणि ग्रंथालयाला पुस्तक परत आलं नाही की कळतं.

दुसरी अडचण साताऱ्यापुरती. इथे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, तेव्हा तीन कॉलेजं संलग्न होती ती घटक झाली. निर्णय चांगलाच आहे. पण कोणी पाच वर्षांचा आलेख काढायला बसला तर जुन्या विद्यापीठाच्या खात्यातली मुलं एका वर्षात घटल्यासारखी दिसतील आणि नव्याची एकदम उगवतील. साताऱ्यातली पोरं तीच, त्याच बाकांवर. अशी फोड झाली की आकड्याखाली तळटीप हवी. ती लिहिण्याची आपल्याकडे रीत नाही.

आणि नाव-जन्मतारखेवरून दुहेरी नोंद पकडू म्हणणाऱ्यांसाठी: आमच्या पिढीतला निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला आहे. गुरुजींची कृपा.

एक्सेलग्रस्त

+१ काका. माझीच आई १ जून, मामा १ जून, शेजारचे दोघे १ जून.

मूळचा कराडचा, सध्या पुण्यात डेटाबेसचं काम करतो. एका संस्थेसाठी कॉलेजांच्या याद्या एकत्र करून दिल्या होत्या, त्यातले अनुभव.

अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा कायमचा क्रमांक, १२ आकडी असतो. एक्सेलच्या साध्या खान्यात तो टाकला की ४.५६ई+११ असा दिसायला लागतो. तेवढ्याने बिघडत नाही, आत आकडा शाबूत असतो. पण ती शीट सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच फाइलमध्ये जातं आणि शेवटचे आकडे कायमचे गेले. मग पोर्टल म्हणतं अवैध क्रमांक, आणि क्लार्क बिचारा पोराला पुन्हा बोलावतो. पंधराहून जास्त आकडी क्रमांक असेल तर एक्सेल स्वतःच शेवटी शून्य घालतं, न विचारता. उपाय सोपा आहे: आधी कॉलम 'टेक्स्ट' करायचा, मग क्रमांक टाकायचे. हे एका पानावर छापून प्रत्येक ऑफिसात चिकटवलं तरी बऱ्याच चुका थांबतील.

तारखा: ०५/०८/२००५ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं.

नावं तर विचारू नका. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. विश्वासच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकदा डब्ल्यू, एकदा व्ही. अमोल सुरेश पाटील नावाचे पाच जण एकाच तालुक्यात निघाले तर नवल नाही, आणि पाचही खरे असतात. म्हणून नावावरून जुळवणी करू नका. पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक) किंवा अपार, एवढ्यावरच.

माणदेशी

मी ऑफिसात हेडक्लार्क हाय, दुष्काळी पट्ट्यातल्या कॉलेजात. वर समदी सर लोकं बोलायला लागली म्हणून ऱ्हावलं न्हाई. आता जरा नीट लिहितो, न्हाईतर माझी लेक म्हणते अण्णा, लोकांना कळत नाही तुमचं.

एका विद्यार्थ्याची तीच माहिती आम्ही किती जागी भरतो ते बघा. प्रवेशाचा फॉर्म. विद्यापीठाची एलिजिबिलिटी आणि पीआरएन. परीक्षेचा फॉर्म. महाडीबीटी, म्हणजे राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, पोस्ट मॅट्रिक, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता. एबीसीचं, म्हणजे क्रेडिट जमा होतात ते खातं, अपार. आयशे. नॅकचा दरवर्षीचा एक्यूएआर अहवाल. एनआयआरएफ. आणि यातून उसंत मिळाली की वरच्या एखाद्या ऑफिसातून व्हॉट्सअॅपला निरोप: सोबतच्या नमुन्यात प्रवर्गनिहाय माहिती आज पाचपर्यंत. नमुना दर वेळी निराळा. कधी मुलं-मुली वेगळी, कधी एकत्र, कधी ज्युनिअर धरून, कधी सोडून. मंजूर जागेपैकी कितीतरी रिकाम्या हायत, तासिका तत्त्वावरचा पोरगा टायपिंग करतो. चूक कोण करतंय मग?

पण माझी खरी रड प्रवर्गाची हाय. महाराष्ट्रात व्हीजे-ए, एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी, एसबीसी असे खाने. केंद्राच्या फॉर्मला सर्वसाधारण, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी. आमच्या भागात धनगर समाज मोठा, राज्यात एनटी-सी, केंद्राच्या यादीत ओबीसी. तेवढं सोपं. पण विमुक्त-भटक्यातल्या काही जाती केंद्राच्या ओबीसीत हायत, काही एससीत, काही कुठंच न्हाईत. नवीन क्लार्क सरसकट सगळं ओबीसीत टाकतो. शेजारच्या कॉलेजात ओबीसीत फक्त राज्याचं ओबीसी टाकतात आणि एनटीवाली पोरं सर्वसाधारणमध्ये जातात. दोन्ही फॉर्म मंजूर होतात!

त्यात २०२४ पासून एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाचा प्रवर्ग. जुलैत पोरगं ओपनमधून आलं, ऑगस्टमध्ये ईडब्ल्यूएसचा दाखला आणला, मग एसईबीसीचा काढला, आणि दिवाळीत आज्याची कुणबी नोंद सापडली म्हणून ओबीसीची व्हॅलिडिटी लावतो म्हणतं. पोराचं काय चुकलं? त्याला जिथं फी माफ व्हईल तिथं जायचं. पण माझ्या चार याद्यांत ते चार प्रवर्गांत हाय. केंद्राच्या ओबीसी यादीत मराठा न्हाई, म्हणून आयशेला एसईबीसी सर्वसाधारण धरायचं का? ज्याच्याकडं केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखलापण हाय त्याचं काय? लेखी उत्तर कुणी देत न्हाई. फोनवर सांगतात, तुम्ही बघा कसं बसतंय.

आयर्विनकर

माणदेशी अण्णा, धाग्याचा जीव तुमच्या प्रतिसादात आहे. विद्यापीठाने एकच पानाचा तक्ता काढावा: राज्याचा प्रवर्ग, जात, केंद्राच्या यादीतला खाना. तीन रकाने. जातींच्या दोन्ही याद्या सरकारनेच छापलेल्या आहेत, नुसत्या शेजारी ठेवायच्या. प्रत्येक क्लार्कने आपापल्या डोक्याने लावण्याची गोष्टच नाही ही. आणि प्रवर्ग बदलला तर जुना खोडायचा नाही; बदलाची तारीख टाकून खाली नवी ओळ.

आणखी एक गंमत. आयशेत शिक्षकांची माहिती एकेकाची नावानिशी भरली, विद्यार्थ्यांची मात्र नुसती बेरीज. दोन कॉलेजांत मोजलेला मुलगा बेरजेतून कसा सापडणार?

जि_प_शाळा

सर, हे आम्ही भोगलंय. शाळांच्या माहितीच्या यूडायस प्लस पोर्टलला २०२२-२३ पासून एकेका मुलाची नोंद सुरू झाली. देशाचा आकडा आधी २६ कोटींच्या वर होता तो २५.१७ कोटींवर आला, २०२३-२४ ला २४.८० कोटी. पेपरवाल्यांनी बोंब मारली की शाळेतून पोरं गळाली. मंत्रालयाचं म्हणणं, मोजायची पद्धतच बदलली, आधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नका. खरी गळती किती आणि दुहेरी नावं किती, हे शिक्षकालाही वेगळं सांगता येत नाही. पण एक झालं: दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल आमच्या खात्यातून सोडल्याशिवाय तिकडे चढत नाही. भांडणं होतात, फोनाफोनी होते, पण मूल एका जागी राहतं. उसाच्या हंगामात जतकडून येणाऱ्या टोळ्यांच्या मुलांचं मात्र अजून कठीणच आहे.

कॉलेजांनाही हेच येणार. तयारीत राहा, पहिल्या वर्षी तुमचाही आकडा पडेल आणि शिव्या तुम्हालाच बसतील.

स्पष्टवक्ता

एवढा वेळ सगळे क्लार्क, एक्सेल, आडनाव यावर बोलताहेत. मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाही.

अनुदानित कॉलेजात मुलांच्या संख्येवर तुकडी, तुकडीवर कार्यभार, कार्यभारावर पद. पट पडला की तुकडी जाते, आणि आधी तासिका तत्त्वावरचा शिक्षक घरी जातो. मग गेलेलं मूल कागदावर 'आहे' ठेवण्यात सगळ्यांचाच फायदा. शिक्षकाचा, विभागप्रमुखाचा, संस्थेचा. एनआयआरएफमध्ये उलट: तिथे किती जण ठरल्या वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले ते विचारतात, म्हणून तिथे कच्ची पोरं यादीतून आधीच गाळलेली बरी. तेच कॉलेज एकीकडे आकडा फुगवतं, दुसरीकडे बसवतं. याला तुमचा 'टेक्स्ट' कॉलम काय करणार?

आणि हे आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची २०२२ मध्ये रँकिंगवरून नाचक्की झाली. त्यांनी दिलेले वर्गसंख्येचे वगैरे आकडे जुळत नाहीत हे त्यांच्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने जाहीर मांडलं, आणि विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावरून थेट अठराव्यावर आलं. आपल्याकडे असा प्राध्यापक उठला तर पुढच्या महिन्यात त्याच्याकडे वसतिगृहाचा चार्ज.

आयर्विनकर

स्पष्टवक्ता, मुद्दा मान्य, निष्कर्ष अर्धा मान्य. पदं वाचवण्यासाठी पट टिकवला जातो हे मी नाकारत नाही. पण म्हणूनच तारीख ठरलेली हवी. आज कॉलेज "आम्ही जुलैचा आकडा दिला" म्हणून सुटतं, कारण जुलैचा आकडा खराच असतो. तारीख पक्की असली की हातचलाखीला खोटं म्हणता येतं. आत्ता तिला नावच नाही.

भडंग

वसतिगृहाच्या चार्जवर फुटलो =))

रजिस्ट्रीतला_वाळवेकर

गाव वाळवा तालुक्यात, सध्या इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या रजिस्ट्रीत. इथला हिशेब सांगतो, सगळं सोन्याचं आहे असं समजू नका.

इथे विद्यापीठांची विद्यार्थी-माहिती हेसा नावाची संस्था १९९० च्या दशकापासून गोळा करते. २०२२ मध्ये ती जिस्क या संस्थेत विलीन झाली. एकेका विद्यार्थ्याची नोंद जाते. बेरीज हेसा करते, आम्ही करत नाही. वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. आयर्विनकर सरांचा फार्मसीवाला मुलगा इथे असा सुटतो: अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सोडून गेला तर मुख्य आकडेवारीत तो धरतच नाहीत. नियम एका ओळीचा आहे, पण त्यावरून होणारे वाद मिटले.

फाइल चढवली की शेकडो तपासण्या आपोआप होतात. जन्मतारखेवरून वय बारा निघालं, तर फाइल परत. गेल्या वर्षी इतिहासाला बरीच मुलं होती आणि यंदा शून्य, तर नुसती फाइल परत येत नाही, प्रश्न येतो: का? त्याचं उत्तर लेखी द्यायचं. उत्तर असू शकतं, विभाग बंद झाला. शेवटी विद्यापीठाच्या प्रमुखाची मान्यता लागते. आणि पैसा याच आकड्यावर असल्यामुळे चूक निघाली तर ऑडिट. म्हणजे स्पष्टवक्ता म्हणतात तो मोह इथेही आहे, फक्त पकडायची सोय जास्त आहे.

आता दुसरी बाजू. डेटा फ्यूचर्स नावाने इथे सगळी पद्धत नव्याने बांधली. बरीच वर्षं, बराच पैसा गेला. २०२२-२३ ची माहिती त्यातून पहिल्यांदा गेली आणि असा गोंधळ झाला की आकडेवारी २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आली, एरवी वर्षाच्या सुरुवातीला येते ती. नवं सॉफ्टवेअर वेळेत तयार नव्हतं, तपासण्यांचे नियम मधेच बदलत होते. आमच्या ऑफिसात त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी कुणी घेतली नाही. तेव्हा 'नवं पोर्टल नको' याला माझं अनुमोदन.

एक्सेलग्रस्त

वाळवेकर, तो 'का?' हा प्रश्न फार महत्त्वाचा. आपल्या पोर्टलांवर लाल अक्षरात 'एरर' येतं, क्लार्क आकडा बदलत जातो आणि हिरवं झालं की सबमिट. म्हणजे तपासणीच आकडा बिघडवते! खरा पण विचित्र आकडा टिकवायला कारण लिहायची चौकट हवी.

विट्याची_पोरगी

टीवायला आहे. इथे कुणीच विद्यार्थ्यांना विचारलं नाही म्हणून लिहिते.

माझा प्रवेश फॉर्म बाबांनी महा ई-सेवा केंद्रातून भरला. ईमेल केंद्रवाल्या दादाचा, मोबाइल चुलत्याचा. कॉलेजच्या रेकॉर्डला अजून तोच आहे. आमच्या वर्गात निम्म्यांचं असंच. नॅकवाले विद्यार्थ्यांना ईमेलवर समाधानाचं सर्वेक्षण पाठवतात ना? आमचं सगळ्यांचं समाधान त्या दादाला विचारलं असेल.

माझी माहिती कॉलेजकडे काय आहे हे तीन वर्षांत एकदाही मला दाखवलं नाही. महाडीबीटीचा अर्ज परत आला तेव्हा कळलं की मला एक वर्ष मागे दाखवलंय. दाखवलं असतं तर मीच पहिल्या दिवशी दुरुस्त केलं नसतं का? माझ्या नावाची चूक माझ्याइतकी पटकन दुसऱ्या कुणाला दिसणार?

अजून एक. प्रवर्ग, उत्पन्न, आधार सगळं असलेली यादी पीडीएफ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकतात, "आपलं नाव तपासा" म्हणून. कुणाच्या वडिलांचं उत्पन्न किती हे साठ जणांनी का बघायचं? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कॉलेजात कुणी वाचलाय का?

कंदीपेढा

बाळ, तुझा प्रतिसाद प्राचार्यांच्या बैठकीत वाचून दाखवण्यासारखा आहे. यादी न टाकता एकेकाला त्याची ओळ दाखवणं शक्य आहे. परीक्षेचं हॉलतिकीट द्यायच्या आधी प्रत्येकाच्या हातात त्याची अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यायची: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाइल, वर्ष. चूक असेल तिथे गोल कर, सही कर, परत दे. त्या दिवशी सगळी मुलं येतात. एरवी हजेरीला न दिसणारीही येतात. जी त्या दिवशीही आली नाहीत त्यांची यादी आपोआप तयार.

माणदेशी

हे जमंल. हॉलतिकिटाला पोरगं मरत मरत पण येतं. फक्त मोबाइलचा खाना रिकामा ठेवा, त्यानंच लिहू दे. छापील दिला की 'बरोबर' म्हणून सही ठोकतात.

स्पष्टवक्ता

आणि एटीकेटीवाले? नापास होऊन घरी बसलेले, फक्त परीक्षेला येणारे? आणि मुक्त विद्यापीठाला बसलेले आमच्याच गावातले? त्यांना विद्यार्थी म्हणायचं की नाही?

आयर्विनकर

मुक्त आणि दूरशिक्षणवाले वेगळ्या खान्यात जातात, त्यात अडचण नाही. वर्गात रीतसर प्रवेश घेतलेला एटीकेटीवाला विद्यार्थीच. फक्त राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म भरणारा माजी विद्यार्थी माझ्या मते पटात नको. परीक्षार्थी म्हणून वेगळा मोजावा. वर्षभर शिकवतोय ती मुलं आणि पेपर तपासतोय ती मुलं एकत्र केली की शिक्षक-विद्यार्थी प्रमाणही बिघडतं. यावर मतभेद असतील तर मांडा, पण कुठला तरी एक नियम लेखी हवा.

आमच्या कॉलेजात या सत्रापासून एवढं करायचं ठरवतोय: हॉलतिकिटाची चिठ्ठी (काकांची), टेक्स्ट कॉलमचं पान (एक्सेलग्रस्त यांचं), आणि रद्द प्रवेशांचं वेगळं रजिस्टर, परीक्षा आणि शिष्यवृत्ती विभागाला त्याच दिवशी प्रत. प्रवर्गाच्या तक्त्यासाठी विद्यापीठाला पत्र पाठवतो. दहा-बारा कॉलेजांच्या नोडल ऑफिसरांच्या सह्या असल्या तर वजन पडेल. साताऱ्याकडचे कुणी असतील तर व्यनि करा.

माणदेशी

आमच्या सरांची सही मी आणतो. रद्द प्रवेशाच्या रजिस्टरला रकाने किती ठेवू?

आयर्विनकर

सहा पुरेत अण्णा. पीआरएन, नाव, वर्ग, शेवटची हजेरी, दाखला दिल्याची तारीख, कुठे गेला. शेवटच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहायला मुभा ठेवा, नाहीतर सगळेच 'वैयक्तिक कारण' लिहितात.